राहत्या गावातच नोकरी मिळावी म्हणून शहर वसवणारे स्टेनोग्राफर. कोण होते एबेनेझर हॉवर्ड?

राहायचं एका शहरात आणि नोकरीसाठी रोज ट्रेन पकडून दुसऱ्या शहरात जायचं. याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्याला पर्याय असेल, असा विचारही मनात येत नाही. इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्ड यांनी मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी पर्याय शोधला आणि त्यासाठी दोन शहरं उभी केली.

हॉवर्ड ना आर्किटेक्ट होते ना इंजिनीअर. १८५० मध्ये लंडनला एका बेकरीवाल्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १५व्या वर्षी शाळा सुटली, कारकुनी सुरू झाली. २१व्या वर्षी अमेरिकेत नेब्रास्काला जाऊन शेती करून पाहिली, ती फसली. मग शिकागोत स्टेनोग्राफर झाले. १८७६ मध्ये परतल्यावर ब्रिटिश संसदेतलं कामकाज शॉर्टहँडमध्ये टिपून घेणं हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा राहिला.

नेमकी कल्पना काय होती?

खेडी ओस पडत होती आणि लंडन फुगत होतं. १८९८ मध्ये मित्राकडून ५० पौंड उसने घेऊन हॉवर्ड यांनी पुस्तक छापलं. त्यात ६ हजार एकरांवर ३२ हजार लोकांच्या ‘गार्डन सिटी’चा आराखडा होता. घरं, कारखाने, दुकानं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आणि भोवती शेती. झाडं, बागा सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण खरी मेख जमिनीत होती. जमीन कुणा एकाची नाही, सगळ्या गावाची. वस्ती वाढली की भाडं वाढणार आणि तो पैसा बिल्डरच्या खिशात न जाता गावावरच खर्च होणार.

प्रत्यक्षात काय झालं?

१९०३ मध्ये लंडनपासून साधारण ५५ किलोमीटरवर, म्हणजे सीएसएमटी ते कल्याण एवढ्या अंतरावर, लेचवर्थ सुरू झालं. कारखाने आले, पण नवी घरं अनेक मजुरांना परवडेनात. ते आजूबाजूच्या गावांतून सायकलने कामावर येऊ लागले. ज्या येरझाऱ्या टाळायच्या होत्या, त्याच पुन्हा सुरू झाल्या!

हॉवर्ड थांबले नाहीत. १९१९ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लंडनच्या आणखी जवळ वेल्विनची जमीन लिलावात घेतली. खिशात पुरेसे पैसे नव्हते. अनामत रक्कम मित्रांकडून गोळा केली होती, तीही कमी पडली तेव्हा स्वतःच्या एजंटकडून तिथल्या तिथे उसने घेतले. पुढे ते वेल्विनलाच राहिले. १९२७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला आणि १ मे १९२८ रोजी त्यांचं निधन झालं.

आज दोन्ही शहरांतून रोज सकाळी लंडनच्या गाड्या भरून निघतात. जमिनीचं गणित मात्र लेचवर्थमध्ये टिकलं. तिथली बरीच मालमत्ता १९९५ पासून एका संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिचं उत्पन्न आजही गावावरच खर्च होतं.