शिशाच्या विषाचा माग काढणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन

वसमत, प्रतिनिधी

वसमतच्या बाजारात हळदीचा हंगाम सुरू झाला, की व्यापाऱ्याची नजर प्रथम हळकुंडाच्या रंगाकडे जाते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या येथील हळदीला निसर्गाने दिलेला रंग पुरेसा आहे. मात्र दक्षिण आशियातील काही बाजारपेठांत हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांवर लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य चोळले जाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणा, कराची आणि पेशावर येथील काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण भारतीय मर्यादेच्या शंभरपटींहून अधिक आढळले. शिसे माणसाच्या मेंदूचे काय करते, याचा शोध शंभर वर्षांपूर्वी कामगारांच्या घरोघरी जाऊन घेणाऱ्या अमेरिकी डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांचे चरित्र म्हणूनच हळदीच्या या गावाने जाणून घेण्यासारखे आहे.

ॲलिस यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गेले. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. पुढे जर्मनीत शिकून त्या १८९७ मध्ये शिकागोस आल्या आणि जेन ॲडम्स यांच्या हल हाऊस या सेवाकेंद्रात राहू लागल्या. भोवती स्थलांतरित मजुरांची वस्ती होती. कामावरून परतणाऱ्या धडधाकट माणसांचे मनगट लुळे पडलेले, कोणाला झटके येत असलेले, तर कोणी भ्रमिष्ट झालेले त्यांना दिसू लागले.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने व्यावसायिक रोगांची पाहणी त्यांच्याकडे सोपविली. कामगार हात न धुता जेवतात, म्हणून त्यांना शिसे बाधते, असे कारखानदार सांगत. डॉ. हॅमिल्टन यांनी रंगासाठी लागणारे सफेदा तयार करणारे कारखाने पायी पालथे घातले. रुग्णालयांची दप्तरे चाळली, औषधविक्रेत्यांना विचारले, कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी बोलल्या. दोष हातांचा नसून श्वासावाटे आत जाणाऱ्या शिशाच्या धुळीचा व वाफेचा आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९११ मध्ये राज्याने कामगारांच्या संरक्षणाचा कायदा केला.

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अध्यापक म्हणून नेमले. तेथील त्या पहिल्याच महिला अध्यापक. मात्र पदवीदान मिरवणुकीत त्यांना स्थान नव्हते आणि १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत बढतीही मिळाली नाही.

त्यांची सर्वांत मोठी लढाई पेट्रोलमधील शिशाशी झाली. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात टेट्राएथिल लेड हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत दगावले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथील परिषदेत डॉ. हॅमिल्टन यांनी या द्रव्यास ठाम विरोध केला. तो मानला गेला नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली थांबली आणि जगातून ते हद्दपार होण्यास २०२१ साल उजाडले. रेयॉनच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडमुळे कामगारांना वेड लागते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

त्यांनी पाहिलेले रुग्ण झटक्यांनी आणि भ्रमाने ग्रासलेले होते. थोड्या प्रमाणातील शिसेही मेंदूला सोडत नाही, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध केले. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. मेंदूतील पेशींचे निरोप पोहोचविण्यात कॅल्शियमची मोठी भूमिका असते; त्याची जागा शिशाने घेतली, की हे निरोपच बिघडतात. लहान मुलांचे शरीर प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. मुलाचे लक्ष लागत नाही, स्मरणशक्ती व बुद्ध्यांक घटतो, चिडचिड वाढते. घरच्यांना वाटते, पोर अभ्यासात कच्चे आहे. ही हानी बहुधा भरून येत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

२२ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी डॉ. हॅमिल्टन यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

विषाचा पुरावा मिळाल्यावर शासनाने हालचाल केली, तर काय घडते, हे शेजारच्या बांगलादेशाने दाखविले आहे. तेथे २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसे आढळले होते. तपासणी, दंड आणि जनजागृतीनंतर २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. वसमतच्या हळदीवर हा आरोप नाही. तथापि ज्या गावाचे नाव हळदीच्या पोत्यावर देशभर जाते, त्या गावाने झळाळीपेक्षा तपासणीचा दाखला मोलाचा मानावा, हे सांगण्यास डॉ. हॅमिल्टन यांच्या आयुष्याइतका दुसरा आधार शोधावा लागत नाही.