शेठ वालचंद हिराचंद

सोलापूर हे मागांचे आणि गिरण्यांचे शहर म्हणून आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. त्याच शहरात ता. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी वालचंद यांचा जन्म एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराणे मूळचे गुजरातेकडील. परंतु सोलापुरात स्थायिक झालेले. घरी सावकारीचा व कापसाचा व्यापार चालत असे. सोलापुरातच शालेय शिक्षण पुरे करून वालचंद पुढील शिक्षणासाठी मुंबईस व नंतर पुण्यास गेले. पण पदवी न घेताच परत आले. मग वडिलांच्या पेढीवर बसून हुंड्या व खाती पाहावयाची, हाच त्यांचा मार्ग ठरला होता. तो त्यांस रुचला नाही.

त्या दिवसांत बार्शी लाइट रेल्वे पुढे वाढत होती. अडीच फूट रुंदीची ही छोटी गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत आली होती, आणि तेथून तडवळ्याकडे रूळ न्यावयाचे होते. लक्ष्मणराव बळवंत फाटक या नावाचे गृहस्थ पूर्वी रेल्वेत कारकून होते व नोकरी सोडून मक्तेदारीत पडले होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागी केली व या मार्गाच्या एका तुकड्याचे काम घेतले. रेल्वेच्या कामाची माहिती फाटकांची, पत व भांडवल वालचंदांचे, असा तो जोड होता. विशीतला तरुण, पेढीवरचा गादी-तक्क्या सोडून उन्हात मातीकामावर उभा राहिला, हे त्या वेळच्या व्यापारी मंडळीस विचित्रच वाटले असेल.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून हे काम काय असते ते ध्यानात घ्यावे, म्हणजे पुढील चरित्र नीट समजेल. आपल्या खेड्यात एक विहीर बांधावयाची म्हटली तरी किती माणसे लागतात? खणणारे, सुरुंग लावणारे, पाथरवट, गवंडी, चुना आणणारा गाडीवान, आणि शनिवारी सर्वांची मजुरी हातावर ठेवणारा एक. प्रत्येक जण आपल्या कामात निपुण असला तरी विहीर होतेच असे नाही. गवंडी येऊन बसला आणि दगड घडलेला नाही, म्हणजे गवंड्याची मजुरी फुकट जाते. दगड घडला आणि पावसाळा आला, म्हणजे सर्वच थांबते. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी व्हावयाचे आणि कोणती वस्तू कोणत्या दिवशी हाताशी असावयाची, हे ज्याच्या डोक्यात एकत्र बसलेले असते तोच कामाचा खरा चालक. वालचंद स्वतः इंजिनियर नव्हते. रूळ, बोगदा, जहाज, विमान यांतील एकही वस्तू त्यांस स्वतःच्या हाताने करता आली नसती. पण ज्यांस करता येते त्यांस एका कामावर आणून उभे करणे व त्यांचे काम एकमेकांत गुंफणे, ही विद्या त्यांस होती.

मक्तेदारीची ही कामे वाढत गेली. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या भागीने एक मोठी बांधकाम कंपनी उभी राहिली, आणि १९२६ च्या जानेवारीत हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाचे मोठे नळ, सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, आणि बोरघाटातील बोगदे ही त्या काळातील कामे होत. बोरघाटाची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. १८६३ साली जो लोहमार्ग घाटातून गेला, त्यात एका ठिकाणी गाडीस थांबून उलट दिशेने निघावे लागत असे. ही अडचण काढण्यासाठी १९२० च्या दशकात डोंगर फोडून नवा मार्ग केला गेला. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणीत आणावयाचा असतो, आणि डोंगराच्या पोटात दोन टोळ्यांची गाठ नेमक्या जागी पडावयाची असते. मोजणीदाराची चूक हाताएवढी असली तरी तिची किंमत खणणाऱ्यांस द्यावी लागते. शिवाय जुनी गाडी शेजारून रोज जात असता हे सर्व करावयाचे. पुण्याहून मुंबईस जाणारे आपण आज खिडकीतून धबधबे पाहतो. त्या अंधारात सुरुंग ठासणाऱ्यांची आठवण फारशी कोणास येत नाही.

१९१९ साली वालचंदांनी एकदम समुद्रात उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी महायुद्धात दवाखान्याच्या कामी दिलेले लॉयल्टी नावाचे जहाज विकावयाचे आहे, ही वार्ता त्यांस रेल्वेच्या प्रवासात सहज कानी पडली. त्यांनी शेठ नरोत्तम मोरारजी आदी मंडळीस मिळवून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली, आणि ता. ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून विलायतेस निघाले. हा दिवस स्वतंत्र भारतात १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. परंतु मानाचा दिवस निराळा आणि धंदा निराळा. जहाज १८९१ साली बांधलेले, म्हणजे वयस्क होते. जहाज आपले झाले, पण माल देणारे व्यापारी, विम्याचे अडते, बंदरातील धक्के, हे सर्व परक्या कंपन्यांच्या वर्तुळातले. त्यांनी दर एवढे खाली आणले की नव्या कंपनीस श्वास घेता येईना. लॉयल्टी १९२३ साली मोडीत गेले, आणि त्याच साली झालेल्या करारान्वये सिंदियास मुख्यतः किनाऱ्यालगतच्या व ब्रह्मदेशाकडील वाहतुकीवर समाधान मानावे लागले. कंपनी जगली, पुढे १९२९ पासून १९५० पर्यंत वालचंद तिचे अध्यक्ष होते. तथापि जहाज हाती असणे म्हणजे जहाजाचा धंदा हाती असणे नव्हे, हे त्या चार वर्षांत दिसून आले.

याच्या अगदी उलट चित्र इंदापूर तालुक्यात दिसते, आणि प्रस्तुत लेखकास त्यांच्या सर्व कामांत हेच काम श्रेष्ठ वाटते. आपल्या वाचकांपैकी बहुतेक शेतकरी असल्यामुळे त्यांसही ते अधिक उमजेल.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला होता. भाटघरचे नवे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले, तेव्हा कालव्यास पाण्याचा भरवसा आला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी कारखान्यांस संरक्षण दिले. पाणी व भाव ही दोन्ही अशी जुळून आली. वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे पूर्वीच जमीन घेतली होती व तेथे १९३३ साली साखरेचा कारखाना निघाला. दुसरा कारखाना १९३४ साली इंदापूर तालुक्यातील कळंब येथे उभा राहिला. त्या वस्तीसच पुढे वालचंदनगर हे नाव पडले.

साखर कारखाना म्हणजे केवळ यंत्र नव्हे. ऊस तोडल्यावर तो एक-दोन दिवसांत चरकात गेला नाही तर त्यातील साखर उतरू लागते. म्हणून तोड करणाऱ्या टोळ्या, बैलगाड्या, रस्ते आणि चरक यांचे वेळापत्रक एकच असावे लागते. गाड्या अधिक आल्या तर ऊस आवारात वाळतो. कमी आल्या तर चरक रिकामा फिरतो. गळीत हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालावयाचा, तर लागणही एकदम करून चालत नाही. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू असे टप्पे पाडून, कोणते शेत कोणत्या महिन्यात तुटेल हे वर्ष-दीड वर्ष आधी ठरवावे लागते. त्या लागणीस कालव्याच्या पाळ्या जुळल्या पाहिजेत. चिपाड भट्टीत जाते व त्याच्या वाफेवर यंत्र चालते. म्हणजे ऊस थांबला की जळणही थांबते. हजारो माणसे माळावर राहावयास आली, त्यांस घरे, पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा, बाजार हे सर्व पाहिजे. यांपैकी एक धागा तुटला तर सर्व वस्त्र उसवते. सोलापूरच्या माणसास हे निराळे सांगावयास नको. उभे धागे कितीही चांगले असोत, आडवा धोटा वेळेवर गेला नाही तर चादर होत नाही.

येथे जमीन, ऊस, चरक, वस्ती ही सर्व एकाच चालकाच्या हाती होती. आणि म्हणूनच ते काम वठले. पुढे त्याच आवारात साखर कारखान्यांची यंत्रे घडू लागली, आणि कालांतराने भारताच्या अवकाश-यानांसाठी लागणारे भागही तेथे तयार झाले.

परंतु सर्व जमीन एका हाती असणे, ही गोष्ट दोन बाजूंनी पाहावी लागते. साखर कारखान्यांच्या या विस्तीर्ण मळ्यांत पुष्कळ जमीन आसपासच्या शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. कारखान्याच्या वेळापत्रकात शेतकरी हा बसविण्याचा एक भाग झाला, आणि पुष्कळ वेळा स्वतःच्याच रानात मजूर झाला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने हे मळे कारखान्यांकडून काढले गेले व १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे आले. पण मूळ खंडकऱ्यांस आपली जमीन परत मिळावी म्हणून त्यापुढेही कित्येक दशके झगडावे लागले. वालचंद तेव्हा हयात नव्हते. तरी त्यांच्या योजनेचा हिशेब मांडताना ही बाजू वगळणे न्यायाचे होणार नाही. सर्व भाग जुळविणाऱ्या चालकाने, ज्यांस जुळविले त्यांचे पुढे काय होणार याचा विचार कोठवर करावयाचा, हा प्रश्न आजही धरणांच्या व रस्त्यांच्या कामावर रोज उभा राहतो.

१९३९ साली अमेरिकेहून पॅसिफिक महासागरावरून विमानाने परतत असता त्यांस विल्यम पॉली या नावाचा अमेरिकन भेटला. चीन देशात विमानांचा कारखाना चालविणारा हा गृहस्थ. युद्ध सुरू झाले होते. अशा कारखान्याची हिंदुस्थानास गरज आहे असे वालचंदांच्या मनाने घेतले. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी बंगळूर येथे जागा देऊ केली, संस्थानाने भांडवलात भाग घेतला, आणि ता. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. यंत्रे अमेरिकेची, कारागीर येथले, माळरान म्हैसूरचे. पण आठ-नऊ महिन्यांत, म्हणजे १९४१ च्या ऑगस्टमध्ये, त्या कारखान्यात जोडलेले पहिले शिक्षणाचे विमान उडाले. हा वेग आजही आश्चर्य वाटावा असाच आहे. पुढे जपानी सैन्य ब्रह्मदेशात शिरले तेव्हा सरकारने १९४२ साली वालचंदांचा भाग विकत घेतला, आणि नव्या विमानांऐवजी तेथे मुख्यतः लष्करी विमानांची दुरुस्ती होऊ लागली. काम उभे करणारा बाहेर पडला, काम राहिले.

जहाजे स्वतः बांधण्याची इच्छा त्यांस लॉयल्टीच्या काळापासूनच होती. कलकत्त्यास जागा मिळेना, म्हणून विशाखापट्टण निवडले, आणि तेथील गोदीचा पाया ता. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला. वर्षही पुरे झाले नाही तोच, एप्रिल १९४२ मध्ये, जपान्यांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. यंत्रसामग्री उचलून मुंबईस आणावी लागली. एखादा मनुष्य तेथेच खचला असता. पोलाद मिळण्याचे कठीण, युद्धाच्या परवानग्या कठीण, आणि पैसा तर अडकून पडलेला. तरी धोका टळताच काम पुन्हा मांडले गेले. ता. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ८,००० टनांचे जलउषा हे जहाज पाण्यात सोडले गेले. ज्या शहरावर बॉम्ब पडले होते तेथीलच गोदीच्या उतारावरून ते घसरत समुद्रात गेले.

याच काळात मुंबईस कुर्ला येथे मोटारींचा कारखाना निघाला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली स्थापन झाली व १९४७ साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

वालचंदांवर टीका करणारेही पुष्कळ होते. एक काम पुरते उभे राहण्यापूर्वीच ते दुसऱ्यास हात घालीत, पैसा हाती येण्यापूर्वीच जागा पाहून ठेवीत, असे म्हटले जाई. आणि ते अगदीच खोटे नव्हते. सावध भागीदारास अशा मनुष्याबरोबर चालणे कठीण जाते.

१९४९ साली त्यांस पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्यांनी कामांतून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. १९५२ साली विशाखापट्टणची गोदी मुख्यतः सरकारच्या मालकीची झाली, आणि ता. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले. सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजास १९५५ साली त्यांचे नाव दिले गेले. पेढी सोडून मातीकामावर गेलेल्या त्या मुलाच्या गावी, सोलापुरातही, त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. आणि आसपासच्या खेड्यांतील कित्येक मुले आज तेथे शिकावयास जातात.