सर्पगंधा आणि डॉ. रुस्तम वकील

रक्तदाबासाठी रोज सकाळी एक गोळी घेणे हा आज इतका नित्याचा व्यवहार झाला आहे, की अशी गोळी नव्हती तेव्हा रुग्णाचे काय होत असे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. देवनारपासून बोरिवलीपर्यंत उपनगरांतील कोणत्याही दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून घेण्यासाठी माणसे बसलेली दिसतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी डॉ. रुस्तम जाल वकील हे नाव ऐकले असेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते. पण तेही बहुधा डॉ. गोलवाला यांच्यासमवेत लिहिलेल्या, शारीरिक निदानावरील क्रमिक पुस्तकाचे एक कर्ते म्हणून. या मुंबईकर वैद्याने जगाच्या औषधशास्त्राला एक वळण दिले, याची जाणीव त्यांच्याच शहरात इतकी क्षीण असावी, हे नवल आहे.

वकील यांचा जन्म १९११ साली मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि १९३८ मध्ये ते मायदेशी परतले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी हृद्‌रोग्यांची सेवा आरंभली. त्या काळी उच्च रक्तदाब ओळखता येत असे, मोजता येत असे, पण उतरवता येत नसे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे उदाहरण प्रसिद्धच आहे. १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली देशाचे वैद्य वर्षभर त्यांचा चढता दाब केवळ नोंदवत राहिले होते. जिथे राष्ट्राध्यक्षाची ही स्थिती, तिथे परळच्या गिरणी कामगाराला कोणता उपाय मिळणार! मिठाशिवायचा भात, विश्रांती, झोपेची औषधे, आणि ज्याला परवडेल व सोसेल त्याला शस्त्रक्रिया, एवढाच काय तो उपचार होता.

ती शस्त्रक्रिया कशाची, हे समजून घेतल्याशिवाय वकिलांच्या कामाचे मर्म कळणार नाही. आपल्या शरीरात इच्छेनुसार हलणारे स्नायू जसे आहेत, तसे इच्छेला न जुमानणारेही आहेत. रक्तवाहिन्यांच्या भिंती, आतडी, मूत्राशय, गर्भाशय या साऱ्यांत हे अनैच्छिक स्नायू असतात. अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलीन नावाचे द्रव्य स्रवते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे हे स्नायू आवळले जातात. वाट अरुंद झाली की दाब वाढतो. म्हणून शल्यविशारद कण्याच्या दोन्ही बाजूंच्या या तंत्रिकाच कापून टाकत. उपाय तर्कशुद्ध होता, पण तो फार मोठा होता आणि त्याचे दुष्परिणामही मोठे होते. सुरीने जे साधायचे, ते एखाद्या औषधाने साधावे, अशी गरज उभी होती.

ते औषध भारतात होतेच, आणि अनोळखीही नव्हते. सर्पगंधेचे मूळ आयुर्वेदाला फार पूर्वीपासून परिचित होते. बिहारमध्ये तर ते वेडावरची जडी म्हणून सर्रास विकले जाई. (तिच्या शास्त्रीय नावात ज्या राउवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव गुंफले आहे, त्याने हे झाड कधी पाहिलेही नव्हते, वनस्पतिशास्त्रातले मानसन्मान असेच वाटले जातात.) १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी हे मूळ उन्मादावर आणि रक्तदाबावरही गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइडे वेगळी काढून त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. पाठोपाठ रामनाथ चोप्रा यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून मुळाच्या गोळ्या बाजारात मिळू लागल्या होत्या. म्हणजे वकील मुंबईत परतले तेव्हा द्रव्य होते, परंपरा होती, रसायनशास्त्र होते आणि विक्रीसुद्धा होती. नव्हता तो एवढाच हिशेब, की या गोळीने किती रुग्णांचा दाब, किती दिवसांत, किती उतरतो आणि बदल्यात काय सोसावे लागते.

वकिलांनी तो हिशेब मांडला. परतल्यानंतरच्या दशकात त्यांनी हे मूळ आपल्या रुग्णांना देऊन पाहिले आणि ५० रुग्णांवरील निरीक्षणांचा प्रबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. औषधापूर्वीचा दाब आणि नंतरचा दाब, वरचा आणि खालचा, असा तो रोखठोक ताळेबंद होता. आजच्या मापाने पाहिले तर ५० रुग्ण ही संख्या लहानच. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडण्याची पद्धत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनच्या चाचणीमुळे आदल्याच वर्षी जगापुढे आली होती. वकिलांचे काम त्या कसोटीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आयुर्वेदाच्या अभिमानाने भारलेल्यांनी जे केले नव्हते आणि त्याला तुच्छ लेखणाऱ्यांनी जे करण्याची गरज मानली नव्हती, ते त्यांनी केले. गुणाचे वर्णन न करता गुण मोजला.

बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात तो प्रबंध आला. त्यांनी मुळाचे चूर्ण आपल्या रुग्णांना दिले. दाब सावकाश उतरतो आणि रुग्ण शांत होतो, हे त्यांनाही दिसले. १९५२ मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य कार्यकारी द्रव्य, रेसर्पीन, वेगळे काढले. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवून दाखवले. रेसर्पीन तंत्रिकांच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलीनचा साठाच रिकामा करते, हेही त्याच सुमारास उघड झाले. सुरीने तंत्रिका कापायची, त्याऐवजी तिची कोठी रिती करायची, असा हा प्रकार होता. कोठी रिती व्हायला दिवस लागतात आणि पुन्हा भरायलाही. औषधाच्या संथपणाचे कोडे असे सुटले. याच रेसर्पीनच्या साहाय्याने स्वीडनच्या कार्लसन यांनी मेंदूतील डोपामीनचे कार्य उलगडले आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

वकिलांचा सन्मान झाला नाही असे नाही. १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६५ मध्ये भटनागर पारितोषिक असे मान त्यांच्याकडे चालत आले. हृदयविकाराच्या झटक्याआधीच्या लक्षणांवर त्यांनी पुढे केलेले लेखनही परदेशी नियतकालिकांत मानाने छापले गेले. तरीही एक अवघड प्रश्न उरतो. सेन आणि बोस यांचे निवेदन अठरा वर्षे आधीचे होते. ते भारतीय नियतकालिकात छापले गेले आणि पश्चिमेत कोणी त्याची दखल घेतली नाही. वकिलांचे नाव झाले ते मोजमापामुळे, की लंडनच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठामुळे? प्रामाणिक उत्तर असे, की दोन्हींमुळे. पण दुसरे कारण आपल्याला जितके बोचते, तितके पहिले बोचत नाही, आणि बोचायला हवे ते पहिलेच. अठरा वर्षांत आपल्या देशातील किती रुग्णालयांनी ती गोळी पारखून पाहिली होती?

मूळ आपले, रुग्ण आपले, पहिला ताळेबंदही आपला. त्यापुढचे जवळपास सर्व मात्र परदेशात घडले. वकिलांच्या प्रबंधाच्या आदल्या वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी असे मांडले होते, की अनैच्छिक स्नायूंवर ॲड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांना धरणारे ‘ग्राही’ दोन जातींचे असावेत. किल्ली एकच, पण कुलुपे दोन प्रकारची. त्यांना त्यांनी आल्फा आणि बीटा म्हटले. हा विचार प्रारंभी फारसा कोणी मनावर घेतला नाही. पुढे तो इतका फळला, की कोठी रिती करण्याऐवजी नेमके एखादेच कुलूप बंद करणारी औषधे निघाली आणि रेसर्पीन मागे पडले. रक्तवाहिनी आवळणारे आल्फा ग्राही मूत्राशयाच्या मुखाशी आणि प्रोस्टेट ग्रंथीतही आहेत, तर मूत्राशयाची भिंत सैल सोडणारे ग्राही बीटा जातीचे आहेत, हे त्यातूनच कळले. लघवी अडते म्हणून निवृत्त कारकुनाला आज जी आल्फारोधक गोळी मिळते, ती घेतल्यावर अंथरुणातून एकदम उठू नका असे डॉक्टर बजावतात, ते याचमुळे. मूत्राशयाचे मुख सैल करणारे औषध रक्तवाहिन्याही थोड्या सैल करते. १९८० नंतरच्या दशकात प्रोस्टेटमधील एका प्रकारचे आल्फा ग्राही मोजण्यासाठी संशोधकांनी जे किरणोत्सारी द्रव्य वापरले, ते रौवॉल्सीन. सर्पगंधेच्याच कुळातील एका झाडापासून ते १९४१ साली कलकत्त्यात प्रथम वेगळे काढले गेले होते.

रेसर्पीनची दुसरी बाजूही वकिलांच्या हयातीतच पुढे आली. नाक चोंदणे, पोटातील व्रण आणि विशेषतः काही रुग्णांना येणारी खोल उदासीनता यांमुळे मोठ्या मात्रा देणे वैद्यांनी सोडले. १९७४ मध्ये स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याचा संशय पाश्चात्त्य नियतकालिकांत व्यक्त झाला. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही, पण औषधाची पत जायची ती गेली. त्याच वर्षी डॉ. वकिलांचे निधन झाले.

सर्पगंधेचेही बरे झाले नाही. औषध मुळात असल्याने झाड उपटल्याखेरीज ते मिळत नाही, आणि जगभरची मागणी रानातूनच भागवली गेली. १९९० पासून या वनस्पतीचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. सह्याद्रीच्या ज्या रानांत ती पूर्वी सहज सापडे, तेथे आता ती शोधावी लागते.