जॉन डेस्मंड बर्नाल

जॉन डेस्मंड बर्नाल (१० मे, १९०१ – १५ सप्टेंबर, १९७१) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने विषाणूच्या अंतर्गत रचनेचा शोध घेणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

केंब्रिज येथील शिक्षणानंतर ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग यांच्या हाताखाली काम करू लागले. तेथे १९२४ मध्ये त्यांनी ग्रॅफाइटची रचना निश्चित केली. १९२७ मध्ये ते केंब्रिजला परतले व १९३८ मध्ये लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विषाणूवरील संशोधन

प्रथिनांचे स्फटिक हवेत वाळले की क्ष-किरण छायाचित्रात स्पष्ट असे काही उमटत नसे. १९३४ मध्ये बर्नाल व डोरोथी क्रोफुट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचा स्फटिक मूळ द्रवातच ठेवून छायाचित्र घेतले आणि ही अडचण दूर झाली. त्यानंतर बॉडेन व पिरी यांनी शुद्ध केलेला तंबाखू मोझॅइक विषाणू त्यांच्याकडे आला. बर्नाल व इसिडोर फॅनकुखेन यांना असे आढळले की, द्रावणातील पाणी कमी केल्यास विषाणूच्या कांड्या एकमेकींजवळ सरकतात. कांडीच्या आतील रचनेचे ठसे मात्र बदलत नाहीत. म्हणजे प्रत्येक कांडी समान घटकांच्या नियमित पुनरावृत्तीने बनलेली होती. विषाणू सजीव की निर्जीव, हा वाद तेव्हा चालू होता.

दुसऱ्या महायुद्धात बर्नाल नॉर्मंडीवरील चढाईच्या तयारीत गुंतले. हा विषय पुढे नेला तो १९५३ मध्ये बर्कबेकला आलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी. प्रथिनाचे घटक सर्पिलाकार रचलेले असून तीन वेढ्यांत ४९ घटक असतात, कांडी आतून पोकळ असते आणि आरएनए प्रथिनातच रुतलेले असते, हे त्यांच्या गटाने दाखवले. फ्रँकलिन १९५८ मध्ये अवघ्या ३७व्या वर्षी निवर्तल्या. त्यांचे सहकारी ॲरन क्लुग यांना १९८२ मध्ये नोबेल मिळाले. हॉजकिन व मॅक्स पेरुट्झ या बर्नाल यांच्या विद्यार्थ्यांनाही ते मिळाले होते. बर्नाल यांना ते कधीच मिळाले नाही. नवी वाट दाखवून पुढचे काम इतरांवर सोडणे हा त्यांचा स्वभावच होता.

कोसंबींशी स्नेह

जागतिक शांतता चळवळीमुळे त्यांचा पुण्याचे गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याशी स्नेह जुळला. कोसंबींनी मावळातील कार्ले लेण्यांच्या परिसरात क्षेत्राभ्यास केला होता. तेथील शिलालेखांत दात्यांचे गाव म्हणून येणाऱ्या धेनुकाकटाचा त्यांनी शोध घेतला. भारतीय पुराविद्येत वैज्ञानिक पद्धत आणल्याबद्दल बर्नाल त्यांना फार मानत. कोसंबींच्या निधनानंतर १९६६ मध्ये त्यांनी नेचर या नियतकालिकात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.