रिंगणातला चाबूकस्वार

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. जटपुरा गेटजवळ वरात अडकली होती आणि माझा ऑटो वरातीच्या मागे. पुढे डीजे, डीजेमागे नाचणारी पोरं, पोरांमागे नवरदेवाची पांढरी घोडी. कुणीतरी फटाक्यांची लड घोडीपासून दहा हातांवर लावली (असं करणाऱ्याला वरातीतून हाकलायला पाहिजे, पण ते असो). ऑटोत बसून माझं काळीज धडधडलं. घोडीने मात्र फक्त एक कान मागे वळवला, तिच्या मालकाकडे. मालकाने मानेवर हात ठेवला आणि ती उभी राहिली. नवरदेवाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

घोडा हा मुळात पळणारा प्राणी. वाघ-लांडग्यांच्या तोंडचा घास. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. कुठे काही खुट्ट झालं की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, हा त्याचा स्वभाव. अशा जनावराला फटाक्यांत उभं राहायला कोण शिकवतं, आणि कसं? हे शोधताना मी एका अशा मराठी माणसापर्यंत पोचले, ज्याचं नाव आपण शाळेत फार तर सामान्य ज्ञानाच्या एका प्रश्नापुरतं पाठ केलेलं असतं: भारतीय सर्कशीचे जनक कोण? विष्णुपंत छत्रे. एक मार्क, विषय संपला.

पण छत्रे सर्कसवाले झाले ते नंतर. आधी ते होते घोड्यांचे मास्तर. आणि गवई.

पूर्ण नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. जन्म 1840 च्या सुमाराचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचा. शाळेत जीव रमेना, ओढा जनावरांकडे आणि गाण्याकडे. आजच्या घरातही हे दोन्ही छंद ऐकून आईबाबा डोक्याला हात लावतील, मग तेव्हाचं विचारूच नका. पोरगं निघालं थेट ग्वाल्हेरला. शिंद्यांचं ग्वाल्हेर तेव्हा ख्यालगायकीचं माहेर होतं आणि मोठ्या पागांचं गावही. तिथे त्यांनी दोन गुरू धरले. हद्दू खाँसाहेबांकडून गाणं आणि बाबासाहेब आपट्यांकडून अश्वविद्या. हा ‘डबल मेजर’ आजच्या कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही.

शिंगराला स्वारीचा घोडा बनवणाऱ्या माणसाला मराठीत चाबूकस्वार म्हणतात. शब्द ऐकून वाटतं, हा दिवसभर फटकेच मारत असणार. चांगल्या हातातला चाबूक मात्र लांबवलेल्या बोटासारखा असतो, दिशा दाखवण्यापुरता. खरं काम पाठीवर बसण्याच्या फार आधी सुरू होतं. शिंगराला आधी माणसाचा वास आणि हात ओळखीचा करायचा. अंगावर खरारा फिरवायचा, एकेक पाय उचलून खूर हातात घ्यायचा, मोरखी घालून सोबत चालवायचं. (आपल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्येही माहूत आणि हत्ती यांचं नातं अशाच रोजच्या सहवासातून तयार होतं.) मग येतो लांब दोर. माणूस मध्ये उभा, शिंगरू भोवती गोल फिरतंय. आधी चाल, मग दुडकी, मग दौड. डाव्या अंगाने जेवढं तेवढंच उजव्या अंगाने, नाहीतर जनावर एकांगी होतं. या गोल फिरवण्याला जुन्या मराठीत ‘कावा’ म्हणत. गनिमी काव्यातला कावा आपल्याला माहीत, हा दुसरा आपण विसरलो.

त्यानंतर खोगीर. तेही एकदम कसायचं नाही. आधी हुंगू द्यायचं, पाठीवर ठेवायचं, काढायचं, पुन्हा ठेवायचं. लगामाची कडी तोंडात बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. ती जागा नाजूक, म्हणून हात जड असून चालत नाही. माणसाचं वजन तर अगदी शेवटी. गुडघ्याची हाडं पक्की व्हायला अडीचेक वर्षं लागतात, पाठीच्या कण्याला त्याहून कितीतरी जास्त. घाई केली तर घोडा त्या वेळी काही बोलत नाही, पुढे लंगडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. लगाम खेचला, तो थांबला, की त्याच क्षणी हात सैल. तो सैल झालेला हात म्हणजे त्याची शाबासकी. ती एक क्षण उशिरा मिळाली तरी त्याला कळत नाही की आपलं काय बरोबर आलं.

आता त्या गोल रिंगणाकडे परत येऊ, कारण सर्कस तिथूनच निघाली. 1768 मध्ये लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या माजी घोडदळ शिपायाने गोल रिंगणात घोड्यांचे खेळ सुरू केले. घोडा गोल धावत असला की स्वाराला आत झुकून पाठीवर उभं राहायला तोल मिळतो. पुढे जगभर 42 फूट व्यासाचं रिंगण ठरून गेलं. झुले, विदूषक, वाघ-सिंह नंतर आले.

ग्वाल्हेरहून शिकून आलेले छत्रे पुढे कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला होते. मुंबईत त्यांनी जुझेप्पे कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस पाहिली. सर्कशीच्या जगात ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. कुणी पैज लागली म्हणतं, कुणी आव्हान दिलं म्हणतं, पण भारतात अशी सर्कस इतक्यात उभी राहणं शक्य नाही असं तो गोरा बोलला, हे प्रत्येक गोष्टीत असतंच. मला विचाराल तर छत्र्यांना त्या तंबूत नवीन काय दिसलं असेल? गोल रिंगण, मध्ये माणूस, भोवती घोडा. हे तर ते वर्षानुवर्षं करत होते. फक्त तिकीट लावलं नव्हतं.

1880 च्या सुमाराला त्यांनी स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. घोड्यांचे खेळ ते स्वतः करत. त्यांच्या पत्नीही झुल्यावरच्या कसरती करत आणि जनावरं हाताळत. त्या काळात, ब्राह्मण घरातली बाई, भर तंबूत! सर्कस देशभर फिरली, सिलोनलाही गेली. केरळात थलश्शेरीला मुक्काम पडला तेव्हा कीलेरी कुंजिकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी गाठ पडली. त्याने पुढे 1901 मध्ये तिथे सर्कशीची शाळाच काढली, आणि नंतरच्या कितीतरी सर्कशींना केरळातून कलाकार मिळत राहिले.

सर्कशीत पुढे जनावरांचे हाल झाले, हेही खरं. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांच्या खेळांवर 1998 मध्ये केंद्राने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती कायम ठेवली, आणि ते बरंच झालं. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तरी वाघाला स्टुलावर बसलेला बघायची हौस नसावी. घोडा त्या यादीत नव्हता.

छत्र्यांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र घोड्याची नाहीच. हद्दू खाँसाहेबांचा मुलगा रहिमत खाँ हा अफाट गळ्याचा गवई. वडील गेल्यावर तो पार कोलमडला. अफूचं व्यसन, मनाचा तोल गेलेला, काशीत दैन्यात दिवस काढणारा. छत्र्यांनी गुरूच्या या मुलाला हुडकून काढलं आणि आपल्याबरोबर घेतलं. सर्कशीचा तंबू जाईल तिथे रहिमत खाँ. त्याचं खाणंपिणं बघायचं, लहर सांभाळायची, गायला बसला तर बसू द्यायचं. हा माणूस ओढून गाणार नाही, हे ओळखणारा त्या सगळ्या गोतावळ्यात एक चाबूकस्वारच होता. हळूहळू तो गाऊ लागला. दिवसा ज्या गावात घोडे धावले, त्याच गावात रात्री त्याची मैफल व्हायची. लोक त्याला भूगंधर्व म्हणू लागले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच विष्णुपंत गेले. सर्कस घरातल्याच काशीनाथपंतांनी पुढे नेली, आणि रहिमत खाँनाही छत्र्यांच्या घराने अंतर दिलं नाही. 1922 मध्ये कुरुंदवाडलाच ते वारले. त्याआधी थोडीच वर्षं त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या होत्या. त्यातली भैरवी मोबाइलवर सहज सापडते. तीनेक मिनिटांची आहे, खरखर बरीच आहे, इअरफोन लावूनच ऐका.