शिंप्याच्या मुलाने मोजलेला उजेड

वरूडच्या एखाद्या अंगणात चुन्याच्या भिंतीलगत संत्र्यांचा ढीग असला, की उन्हात भिंतीच्या खालच्या भागावर फिकट नारिंगी झाक दिसते. ऊन संत्र्यांवर पडते आणि तिथून परतून भिंतीवर जाते. अशा परतलेल्या उजेडामुळेच थेट ऊन न येणारी खोलीही उजळते. ॲनिमेशनपटांत हा उजेड खरा वाटावा म्हणून संगणक जे गणित करतो, त्याचा पाया योहान हाइनरिश लाम्बर्ट यांनी घातला.

त्यांचा जन्म 26 ऑगस्ट 1728 रोजी, आज फ्रान्समध्ये असलेल्या म्यूलूझ गावी झाला. वडील शिंपी होते. घरच्या ओढाताणीमुळे बाराव्या वर्षी शाळा सुटली. दिवसा वडिलांना हातभार लावायचा आणि रात्री वाचायचे, असा क्रम सुरू झाला. पुढे कारकुनी केली. 1748 पासून ते स्वित्झर्लंडमधील एका खानदानी घरातील मुलांना शिकवू लागले. त्या घरचे ग्रंथालय हीच त्यांची खरी शाळा ठरली.

1760 मध्ये त्यांचा ‘फोटोमेट्रिया’ हा ग्रंथ आला. उजेड मोजणारे यंत्र तेव्हा नव्हते. एक उजेड दुसऱ्याच्या किती पट आहे, हे डोळ्याला सांगता येत नाही. पण शेजारचे दोन पृष्ठभाग सारखेच उजळ आहेत का, हे बरोबर कळते. त्याच भरवशावर त्यांनी मेणबत्त्या आणि आरसे घेऊन प्रयोग केले. सरळ पडणाऱ्या किरणांच्या तुलनेत 60 अंशांनी कललेले किरण पृष्ठभागाला निम्माच उजेड देतात. चुन्याच्या भिंतीसारखा खरखरीत, चकाकी नसलेला पृष्ठभाग मात्र कुठूनही पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो. एका पृष्ठभागाचा किती उजेड दुसऱ्यावर पोहोचतो, याचेही सूत्र त्यांनी मांडले.

‘पाय’ ही संख्या अपूर्णांकात मांडता येत नाही, हेही त्यांनीच सिद्ध केले. 1765 मध्ये ते बर्लिनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. 25 सप्टेंबर 1777 रोजी, अवघ्या 49व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

1984 मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात संशोधकांनी संगणकातल्या खोलीच्या भिंतींचे लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्याला किती उजेड देतो, याचा हिशेब केला. रंगीत भिंतींची झाक शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उमटली, अगदी संत्र्यांची चुन्याच्या भिंतीवर उमटते तशीच. खरखरीत पृष्ठभागासाठी संगणक आजही लाम्बर्ट यांचाच नियम वापरतो.