माजघरातून विश्वाकडे

देवपुरातल्या कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी फेरफटका मारा, एखादे तरी घर असे लागते, की जिथले आजी-आजोबा परदेशातल्या नातवंडांशी बोलत बसलेले असतात. बोलणे अर्धे मराठीत, अर्धे इंग्रजीत. मध्येच आजी एखादा अहिराणी शब्द टाकते, नातू हसतो. फोन ठेवल्यावर आजोबांच्या मनात तोच प्रश्न उभा राहतो. ही मुले जगाची झाली, पण आपली राहिली का? शेजारच्या घरात याच्या उलट काळजी असते. आपलेच रीतिरिवाज आणि आपलीच भाषा धरून बसलो तर पोर जगात मागे पडेल, असे तिथल्या आईबापांना वाटते. दोन्ही काळज्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे. घर आणि जग ही तराजूची दोन पारडी आहेत. एक खाली गेले की दुसरे वर जायचेच.

ही समजूत ज्याच्या आयुष्याने खोटी ठरवली, असा एक माणूस पांझरेच्या पलीकडे, धुळ्याच्या तुरुंगात राहून गेला आहे. पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो. त्यांचे आपल्या मनातले चित्र फार हळवे आहे. ‘श्यामची आई’ वाचायची, डोळे पुसायचे आणि पुस्तक पुन्हा कपाटात ठेवायचे, एवढेच नाते अनेक घरांनी त्यांच्याशी ठेवले. पण आईच्या आठवणींनी व्याकूळ होणारा हाच माणूस तुरुंगात तमिळ आणि बंगाली शिकत होता, टॉलस्टॉय मराठीत आणत होता, इस्लामी संस्कृतीवर आदराने लिहीत होता. आईचे माजघर सोडून ते जगाकडे गेले नाहीत. माजघरात जे मिळाले, ते घेऊनच गेले. आणि जिथे ते अपुरे पडले, तिथे त्यांनी त्यात स्वतःची भर घातली.

पालगडची शिदोरी

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोलीजवळच्या पालगड गावी झाला. घराणे एके काळी खोतीचे, सुखवस्तू. पुढे कर्ज वाढले, अब्रूवर घाला आला आणि घरात दारिद्र्य शिरले. अशा दिवसांत यशोदाबाईंनी मुलांना वाढवले. त्यांना जगाचा नकाशा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दुसऱ्याचे दुःख आपल्याला दिसले पाहिजे आणि दिसल्यावर हात पुढे झाला पाहिजे, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. झाडाची फांदी ओरबाडू नये, पाखराला त्रास देऊ नये, आजारी मोलकरणीची विचारपूस करावी, उसने आणलेले वेळेवर परत द्यावे. अशा लहान लहान गोष्टींतून त्यांचे शिक्षण चालले होते.

‘श्यामची आई’मधला एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. एका म्हाताऱ्या दलित बाईच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडलेली असते. तिला ती एकटीने उचलवत नाही आणि विटाळाच्या भयाने कोणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. त्या काळच्या कोकणात हे धैर्याचेच काम होते. पण हा प्रसंग आपण पुष्कळदा अर्धाच सांगतो. मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन आंघोळ कर, असेही आईने सांगितलेले असते. म्हणजे करुणा होती, पण तिच्याभोवती रूढीचे कुंपणही होते. आईला जितके पुढे जाता आले, तितकी ती गेली. गुरुजींनी हे झाकून ठेवले नाही. जसे होते तसे लिहिले. त्या कुंपणाचे पुढे त्यांनी काय केले, हे पाहण्यासाठी पंढरपूरपर्यंत जावे लागेल.

अमळनेरचे कंदील

दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणाची वणवण झाली. आई १९१७ साली गेली. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करणाऱ्या या तरुणाला अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने खानदेशात आणले. प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली उभी राहिलेली ती संस्था विद्वानांची होती. परंतु ग्रंथांत रमण्यापेक्षा मुलांत रमण्याचा गुरुजींचा पिंड. १९२४ साली ते तिथल्याच शाळेत, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाले आणि वसतिगृहही त्यांच्याकडे आले.

वसतिगृहातली मुले खानदेशातल्या खेड्यांतून आलेली, शेतकऱ्यांच्या घरांतली. त्यांची बोली अहिराणी, गुरुजींची कोकणातली. या परक्या मुलखात त्यांनी आपली ओळख भाषणाने करून दिली नाही. मुलांच्या खोल्या झाडल्या, कंदिलांच्या काचा पुसल्या, कपडे धुतले, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढली. जे आईने त्यांच्यासाठी केले, ते ते दुसऱ्यांच्या मुलांसाठी करू लागले. पहिल्यांदा मुले संकोचली, मग स्वतःच झाडू हातात घेऊ लागली.

याच वसतिगृहात ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहीत. घरच्यासारखी शिस्त लावणारा हा शिक्षक देशोदेशीच्या थोर माणसांच्या कथा, इतिहास, विज्ञान, राजकारण मुलांपुढे मांडत होता. एका हातात काच पुसण्याचे फडके आणि दुसऱ्या हातात जगाची बातमी, असे ते अमळनेरचे शिक्षण होते. खोली स्वच्छ ठेवणे आणि दूरच्या देशातल्या माणसाचे सुखदुःख समजून घेणे, हे दोन वेगळे विषय आहेत असे त्या मुलांना कधी वाटले नसावे.

तुरुंगातली भाषाशाळा

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. शिक्षा झाली, ती आधी धुळ्याच्या आणि मग थेट त्रिचनापल्लीच्या तुरुंगात भोगावी लागली. तिथे दक्षिणेतले निरनिराळ्या भाषांचे सत्याग्रही भेटले. सगळे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, पण एकमेकांशी मनातले बोलायचे तर भाषा येत नाही, ही गोष्ट गुरुजींना फार लागली. आपण देशावर प्रेम करतो म्हणतो आणि शेजारच्या प्रांतातल्या माणसाचे सुखदुःख त्याच्या भाषेत ऐकू शकत नाही, याची त्यांना लाज वाटली. ते तमिळ शिकू लागले, बंगालीही शिकले. ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. पुढे ज्याला त्यांनी आंतरभारती हे नाव दिले, त्या कल्पनेचे बीज या कोठडीत पडले.

१९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात आले. त्याच वेळी विनोबा तिथे होते, जमनालाल बजाज होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने विनोबांनी गीतेवर दिली. ती उतरून घेतली गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या ओघाबरोबर लेखणी चालवायची आणि त्याचा सूरही हरवू द्यायचा नाही, हे सोपे काम नव्हते. ‘गीता प्रवचने’ पुढे देशातल्या अनेक भाषांत आणि देशाबाहेरही गेली. धुळ्याच्या भिंतीआड कैद्यांसमोर बोललेले शब्द इतक्या दूर पोचले, त्यात बोलणाऱ्याइतकेच ऐकून लिहिणाऱ्याचेही श्रेय आहे.

लगेच १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. तमिळ ग्रंथाचा अनुवाद आणि आईची आठवण यांत जेमतेम दोन-तीन वर्षांचे अंतर आहे. दूरच्या भाषेकडे गेलेल्या मुलाला आई विसरावी लागली नाही. उलट अधिक स्पष्ट दिसली.

पुढेही ही ये-जा चालूच राहिली. टॉलस्टॉयचे कलेवरचे पुस्तक त्यांनी मराठीत आणले, हेन्री थॉमसच्या पुस्तकावरून मानवजातीची कथा सांगितली. इंग्लंडमधल्या एका एकाकी विणकरावरची जॉर्ज इलियटची कादंबरी ‘मनूबाबा’ होऊन मराठी मुलांच्या हाती आली. इस्लामी संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक तर त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. शेजारी राहणाऱ्या मुसलमान कुटुंबाचा धर्म आपल्याला ठाऊक नसावा, ही त्यांच्या लेखी अडाणीपणाचीच गोष्ट होती.

आणि हे सारे करताना पायाखालची जमीन सुटली नव्हती. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. त्या अधिवेशनात अध्यक्ष जवाहरलाल नेहरू स्पेनमधल्या यादवीबद्दल आणि जगावरच्या युद्धाच्या सावटाबद्दल बोलले, आणि ते केळी-कपाशीच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी ऐकले. १९३८ पासून अमळनेरहून निघालेल्या ‘काँग्रेस’ या साप्ताहिकात गुरुजी शेतसाऱ्याच्या सुटीसाठी आणि गिरणी कामगारांसाठी लिहीत राहिले.

कुंपण ओलांडले

आता पंढरपूर. विठोबाला साऱ्या महाराष्ट्राची माउली म्हणायचे आणि त्याच्या देवळाचे दार दलितांना बंद ठेवायचे, ही विसंगती गुरुजींना सोसवेना. १९४६ च्या अखेरीस त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. लोकमत तयार व्हावे म्हणून ते लांबणीवर टाकून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. सेनापती बापट त्यांच्याबरोबर होते. काही ठिकाणी मंदिरे उघडली, विहिरी उघडल्या. काही ठिकाणी निषेध झाला. चंद्रभागेपलीकडे चालते व्हा, अशा घोषणाही त्यांनी ऐकल्या. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि १० मे रोजी मंदिर उघडण्याचे मान्य होऊन ते सुटले.

ज्या आईने मोळी उचलायला पाठवून आंघोळीची सवलत ठेवली होती, तिच्या मुलाने ती आंघोळच नको म्हटली. मला वाटते, गुरुजींच्या चरित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आईचे ऐकणारा मुलगा आईच्या पुढे गेला, आणि तिच्याच शिकवणीच्या जोरावर गेला. संस्कार जपायचे म्हणजे ते जसेच्या तसे डबीत घालून ठेवायचे, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही.

आंतरभारतीचे स्वप्न

स्वातंत्र्य आले, पण फाळणीच्या रक्तपातात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला आणि गुरुजी आतून मोडले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. तिथूनच पुतणी सुधाला लिहिलेली सुंदर पत्रे मराठी घरांत गेली. त्यांत पाऊस असे, फुले असत आणि जगाच्या घडामोडीही असत.

१९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतल्या तरुणांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य आपापल्या भाषेत न्यावे, असे ते स्वप्न होते. मराठी माणसाने आधी भारतीय व्हावे आणि त्याच वाटेने जगाचा व्हावे. ही वाट लांबची, पण मधली पायरी गाळता येत नाही, हे त्यांनी त्रिचनापल्लीत अनुभवले होते.

ते स्वप्न त्यांना पाहता आले नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच या जगाचा निरोप घेतला. साऱ्या महाराष्ट्राची मुले आपली मानणाऱ्या माणसाला स्वतःच्या मनाचा भार एकट्यानेच वाहावा लागला, ही खंत त्यांच्या सोबत्यांना आयुष्यभर पुरली. इतरांसाठी झिजणाऱ्या माणसाचीही कोणीतरी विचारपूस केली पाहिजे, हा धडाही त्यातून घ्यायला हवा.

त्यांच्या मागे काम थांबले नाही. माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. २०२४ साली ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, तेव्हा त्या नगरीला गुरुजींचेच नाव होते.

देवपुरातल्या त्या आजोबांच्या प्रश्नाकडे परत येऊ. नातू आपला राहील का, याची एक परीक्षा परदेशात होईल, पण पहिली इथेच, आपल्या गल्लीत होते. शिरपूर, साक्री, नंदुरबारकडच्या पाड्यांवरून पोरे शिकायला येतात, भाड्याची खोली शोधत दारी उभी राहतात. त्यांची बोली पावरी असते, भिली असते. आपण त्यांना आधी आडनाव विचारतो की पाणी? आपल्या मुलाला त्यांच्या बोलीतले चार शब्द येतात का? ज्या घरात हे साधते, तिथले मूल लंडनला गेले काय आणि नाशिकला गेले काय, अनोळखी माणसापुढे ते अवघडणार नाही. आणि आपल्या आजीलाही ते विसरणार नाही, कारण हे सारे त्याने तिच्याच माजघरात पाहिलेले असेल.